जामठा आपला, पण किती?

शुक्रवारी, २१ फेब्रुवारीला, जामठ्याच्या मैदानावर विदर्भानं मुंबईला ८० धावांनी हरवलं आणि रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत धडक मारली. त्या दिवशी दहावीचा पहिला पेपर होता, मराठीचा. त्यामुळे घराघरांत वेगळंच टेन्शन होतं. दोनच दिवसांनी, रविवारी, दुबईत भारतानं पाकिस्तानला हरवलं तेव्हा मात्र चौकाचौकात फटाके फुटले, गाड्यांचे हॉर्न वाजले, स्टेटसचा पाऊस पडला. फुटायलाच हवेत फटाके. पण शुक्रवारच्या विजयाला एक तरी लड तुमच्या गल्लीत वाजली का? खरं सांगा, तो सामना सुरू आहे हे तरी तुम्हाला माहीत होतं का?

माहीत नसेल तर आधी तो सामना नीट ऐका, कारण हा विजय लॉटरीचा नव्हता. समोर मुंबई होती. ४२ वेळा रणजी जिंकलेली. कर्णधार अजिंक्य रहाणे, म्हणजे ऑस्ट्रेलियात जाऊन कसोटी मालिका जिंकून आणणारा माणूस. सोबत भारताच्या टी-ट्वेंटी संघाचा कर्णधार सूर्यकुमार यादव, विश्वचषक जिंकलेला शिवम दुबे, शार्दूल ठाकूर. आणि वर्षभराचा हिशेब बाकी होता. २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर याच मुंबईनं अंतिम सामन्यात विदर्भाला १६९ धावांनी हरवलं होतं.

या वेळी विदर्भानं पहिल्या डावात ३८३ धावा केल्या. दानिश मालेवारनं ७९, ध्रुव शोरेनं ७४, यश राठोडनं ५४. मग पार्थ रेखडे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानं एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे या तिघांना परत पाठवलं. एका षटकात! टीव्हीवर जाहिरातींत दिसणारे तीन चेहरे आणि समोर आपल्याकडचा पोरगा, ज्याचं नाव आपल्यातल्या कित्येकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आकाश आनंदनं झुंजार १०६ धावा केल्या तरी मुंबई २७० वर आटोपली. आघाडी ११३ धावांची.

दुसऱ्या डावात विदर्भाचे चार गडी झटपट गेले तेव्हा मुंबईला संधी होती. तिथं यश राठोड आणि कर्णधार अक्षय वाडकर उभे राहिले. वाडकरच्या ५२, राठोडच्या १५१. मुंबईच्या शम्स मुलाणीनं सहा बळी घेतले, पण तोवर लक्ष्य ४०६ वर गेलं होतं. शेवटच्या दिवशी शार्दूलनं ६६ धावा करून थोडी धाकधूक वाढवली, पण हर्ष दुबेनं पाच बळी घेऊन ३२५ वर डाव संपवला. खेळपट्टीचं निमित्त सांगायला जागा नाही. दोन्ही संघांकडे फिरकी होती, दोन्ही संघांना तीच माती होती. पहिल्या डावातच पारडं विदर्भाकडे झुकलं आणि ते पुन्हा फिरलं नाही.

हा काही एका आठवड्याचा चमत्कारही नव्हता. या मोसमात साखळीतल्या सात सामन्यांपैकी सहा विदर्भानं जिंकले आणि ४० गुणांसह गटात पहिला नंबर काढला. उपांत्यपूर्व फेरीत याच जामठ्यावर तमिळनाडूला १९८ धावांनी हरवलं. हर्ष दुबेच्या नावावर या मोसमात आतापर्यंत ६६ बळी झालेत. बिशनसिंग बेदींनी १९७४-७५ च्या मोसमात ६४ घेतले होते. या अंतिम सामन्याआधी एका रणजी मोसमातला विक्रम ६८ बळींचा होता, म्हणजे बुधवारी सुरू होणाऱ्या अंतिम सामन्यात फक्त तीन बळी हवेत. हर्षचं वय २२, दानिशचं २१, यशचं २४. तुमच्या-माझ्या वयाची ही पोरं. आपण कॉलेजच्या कट्ट्यावर 'आपल्याकडे काही स्कोप नाही बे' म्हणत बसलो होतो, तेव्हा ती सकाळी पाचला उठून नेट्समध्ये होती.

आता जरा मागं जाऊ. विदर्भ पहिल्यांदा रणजी खेळला १९५७-५८ मध्ये. पहिला करंडक मिळाला १ जानेवारी २०१८ ला, इंदूरमध्ये दिल्लीला नऊ गडी राखून हरवल्यावर. मध्ये गेली साठ वर्षं. या साठ वर्षांत विदर्भ म्हणजे मोठ्या संघांसाठी हक्काचे गुण. त्यानंतर २०१९ मध्ये पुन्हा करंडक, तोही जामठ्यावर. २०२४ मध्ये उपविजेतेपद. आणि आता परत अंतिम फेरी. साठ वर्षं ज्यांना कुणी विचारलं नाही, त्यांना आता हरवायचं कसं याचा अभ्यास मुंबईवाले करतात.

हे कसं झालं? बाहेरून प्रशिक्षक आले, चंद्रकांत पंडितांसारखे कडक. वसीम जाफरसारखे अनुभवी खेळाडू पाहुणे म्हणून आले आणि घरच्या पोरांना खेळायचं कसं ते दाखवून गेले. २०२४-२५ च्या मोसमातही करुण नायर आणि ध्रुव शोरे बाहेरचेच होते. पण पाहुण्यांच्या जिवावर घर चालत नाही. वाडकर, राठोड, मालेवार, दुबे, रेखडे ही इथली, विदर्भाच्या वयोगटांच्या संघांतून वर आलेली पोरं. लहानपणी हेरली, वर्षानुवर्षं सांभाळली, खेळायला चांगली खेळपट्टी दिली. मैदान, माणूस आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की निकाल लागतो. त्यातली एक जरी कमी पडली तरी साठ वर्षं निघून जातात.

इथवर सगळं गोड आहे. आता जरा कडू.

चंद्रपूरहून नागपूरला एसटीनं जाताना भद्रावती, वरोरा, जाम, बुटीबोरी असं करत शेवटी उजेडाचे उंच मनोरे दिसतात. तेच जामठ्याचं स्टेडियम. खिडकीतून ते आपण कितीदा बघितलं असेल! 'आलं नागपूर' म्हणून बॅग खाली काढायची ती खूण. पण उतरलंय कोण तिथं? गडचिरोलीकरांच्या वाट्याला तर ती खूणही नाही, त्यांची गाडी आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेडवरून जाते. आणि सिरोंच्याच्या मुलासाठी आधी गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या आसपास. नागपूर त्याच्याही पुढं.

विदर्भ क्रिकेट संघटनेच्या अखत्यारीत विदर्भाचे अकराही जिल्हे येतात. म्हणजे कागदावर चंद्रपूर आणि गडचिरोलीही 'होम टीम'चंच घर. पण संघाची यादी समोर ठेवा आणि त्यात मूल, राजुरा, चामोर्शी, अहेरी, कुरखेडा अशा ठिकाणाहून आलेलं एखादं नाव सुचतं का बघा. मला सुचलं नाही. नागपूरच्या बाहेरून कुणी येतच नाही, असंही नाही. भारताकडून खेळलेला जितेश शर्मा अमरावतीचा. भारती फुलमाळीही अमरावतीची, ती भारताकडून खेळली आणि २०२५ मध्ये महिलांच्या लीगमध्ये गुजरातकडून खेळली. मग आपल्याकडचंच काय अडलं?

आपण विदर्भातले लोक एक शब्द घोटून घोटून बोलतो, 'अनुशेष'. १९५३ चा नागपूर करार, १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल, सिंचन, रस्ते, नोकऱ्या. मुंबई-पुण्यानं आपल्याला मागं ठेवलं, हे आपण भाषणांत ऐकत मोठे झालो. त्यात तथ्य आहे. पण मग तोच प्रश्न आपण नागपूरकडं तोंड करून कधी विचारणार? मुंबईनं विदर्भाला विचारलं नाही म्हणून जो राग येतो, तोच राग विदर्भाच्या आत, पूर्वेकडच्या टोकाला उभं राहून यायला नको का? मुंबईला हरवल्याचा आनंद खराच आहे. पण अनुशेष भरून निघाला असं म्हणायचं तर तो शेवटच्या तालुक्यापर्यंत भरलेला दिसला पाहिजे.

आमच्या ओळखीतला एक मुलगा आहे, मूलकडचा. टेनिस बॉलनं असा टाकायचा की बॅट्समन यॉर्कर बघण्याआधी स्टंप बघायचे. कुणीतरी म्हणालं, नागपूरला चाचणी आहे, जा. मोठ्या भावानं तिकिटाचे आणि खाण्याचे पैसे दिले. लेदरचा बॉल त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतला. पहिले दोन बॉल कुठल्या कुठं गेले. बुटांना स्पाइक्स नव्हते, त्यामुळे रनअपमध्ये पाय सरकत होता. नंतर लय सापडली, पण तोवर त्याची पाळी संपली. 'पुढच्या वेळी ये' म्हणाले. पुढची वेळ आली तेव्हा धान कापणीला आलं होतं. तो गेला नाही. आता तो सीझनमध्ये गावोगावच्या टेनिस स्पर्धा खेळतो, मॅन ऑफ द सिरीजचा टेबल फॅन घरी नेतो. यात कुणाला दोष देता येत नाही. चाचणी घेणाऱ्यानं जे समोर दिसलं ते बघितलं. चुकलं ते त्याच्या कितीतरी आधी, जेव्हा पंधराव्या वर्षी त्याच्या हातात लेदरचा बॉल द्यायला कुणी नव्हतं.

तुम्ही म्हणाल, पोटाला अन्न नाही, गावाला रस्ता नाही, आणि तुम्हाला टर्फ विकेट पाहिजे? प्रश्न योग्य आहे. पावसाळ्यात भामरागडचा संपर्क तुटतो, तिथं आधी पूल हवा हे कुणीही मान्य करेल. दुसरे म्हणतील, आपल्या पोरांचे खेळ वेगळे, कबड्डी, व्हॉलीबॉल, धावणं. तेही खरं. गडचिरोलीत पोलिस दलाच्या कबड्डी-व्हॉलीबॉल स्पर्धांना दुर्गम गावांतले संघ उतरतात, त्या सामन्यांची रंगत ज्यानं बघितली त्याला माहीत आहे. क्रिकेटच का, तर क्रिकेटच असं नाही. पण जानेवारी-फेब्रुवारीत धान निघाल्यावर कुठल्याही गावातून चक्कर मारा. बांध्या रिकाम्या झाल्या की पोट्टे काय खेळतात? खेळ त्यांनी आधीच निवडलाय. आपण फक्त ठरवायचं आहे की तो टेबल फॅनपाशी संपवायचा की पुढं न्यायचा.

आणि 'जंगलातली पोरं काय करणार' असं अजूनही कुणाला वाटत असेल तर २०१८ चा मे महिना आठवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतल्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. 'मिशन शौर्य' नाव होतं त्या मोहिमेचं. ती मुलं काही घरून थेट शिखरावर गेली नाहीत. आश्रमशाळेत जाऊन त्यांना शोधलं, महिनोन् महिने प्रशिक्षण दिलं, बूट, कपडे, दोर, सगळं पुरवलं. शोधणारा माणूस मुलांकडे गेला, हा तिथला खरा फरक होता.

दुसरं उदाहरण उमेश यादवचं. कसोटी खेळलेला विदर्भाचा पहिला खेळाडू. नागपूर जिल्ह्यातल्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. विशीच्या उंबरठ्यापर्यंत तो टेनिस बॉलवरच होता. २००८ मध्ये रणजी, २०११ मध्ये कसोटी. आता सांगा, वेकोलिच्या वसाहती फक्त वलनीलाच आहेत का? बल्लारपूर, माजरी, घुग्घुस, दुर्गापूर, आपल्याकडे तर खाणीच खाणी. उमेशचं घर नागपूरपासून जवळ होतं. तेच घर माजरीत असतं तर? हा प्रश्न मला शुक्रवारपासून सोडत नाही.

म्हणून या विजयाच्या निमित्तानं काही साध्या मागण्या.

पहिली, निवड चाचणी मुलांच्या दारापर्यंत यावी. चंद्रपूर, गडचिरोलीत होते तिथं चांगलंच, पण ती अहेरी, जिवती, कोरचीपर्यंत पोचावी, आणि तारीख ठरवताना शेतीचा हंगाम बघावा. धान कापणीच्या आठवड्यात चाचणी ठेवली तर अर्धी पोरं येणारच नाहीत. मुलींची चाचणी त्याच दिवशी, त्याच मैदानावर व्हावी, म्हणजे एकटीला पाठवायचं कसं हा घरच्यांचा प्रश्न निम्मा सुटेल.

दुसरी, तालुक्याला किमान एक मॅटिंगची विकेट आणि नेट्स. टर्फ राखायला पाणी, रोलर, जाणकार माणूस लागतो; मॅट त्यामानानं सोपी. जागेचा प्रश्न आहे, हे मान्य. गावाशेजारची मोकळी जागा आपल्याकडे अनेकदा कागदावर झुडपी जंगल असते, आणि तिथं पक्कं काही करायचं तर परवानग्यांचं जंगल त्याहून दाट. पण शाळा-कॉलेजांची मैदानं तर आहेत. पैसा? इथून कोळसा जातो, सिमेंट जातं, सुरजागडचं लोहखनिज जातं. २०१३ च्या कंपनी कायद्यात सामाजिक दायित्वाच्या निधीतून ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणावर खर्च करायची सोय आहे. शाळा आणि दवाखाने आधी, यात वादच नाही. पण त्या यादीच्या शेवटी तरी एक मॅट आणि दहा जोड्या पॅड बसायला हरकत नसावी.

तिसरी, विदर्भाच्या वयोगटांचे किंवा महिलांचे काही सामने चंद्रपूरला व्हावेत. 'होम ग्राउंड' एकच असावं असा काही नियम नाही. आपल्या डोळ्यांसमोर विदर्भाची कॅप घातलेला मुलगा किंवा मुलगी पॅव्हेलियनच्या पायऱ्या उतरताना दिसली, की बघणाऱ्या दहा पोरांच्या डोक्यात काय सुरू होतं ते कुठल्याच भाषणानं होत नाही.

चौथी मागणी आपल्याकडेच. गावोगाव जी टेनिस स्पर्धांची मंडळं आहेत, त्यात तुम्हीच आहात. डीजेचं भाडं, बॅनर, नेत्यांच्या सत्काराचे शाल-श्रीफळ यातला थोडा पैसा वाचवून एका वर्षी लेदर बॉलचं एक किट घ्या. आपल्याकडे अंधार पडायच्या आत खेळ आवरावा लागतो, कारण वाघ काही स्कोअर विचारून येत नाही. तेव्हा वेळ कमीच आहे. त्यातला एक तास चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना नेट्ससाठी द्या. कुणी अंपायरिंग शिका, कुणी स्कोअरिंग. ज्याला बॅट लागत नाही त्यालाही या खेळात काम आहे.

शेवटचं. अंतिम सामना उद्यापासून, बुधवारी २६ तारखेपासून जामठ्यावर आहे. समोर केरळ. त्यांनी अहमदाबादला गुजरातवर पहिल्या डावात फक्त दोन धावांची आघाडी घेऊन फेरी गाठली. शेवटची विकेट कशी पडली ठाऊक आहे? फटका जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. तो बॉल टाकणारा होता आदित्य सरवटे, २०१९ च्या अंतिम सामन्यात विदर्भाला करंडक जिंकून देणारा आपलाच सरवटे, यंदा केरळकडून खेळणारा. म्हणजे बघायला कारणं भरपूर आहेत.

उद्या महाशिवरात्र आहे. मार्कंड्याची जत्रा सुरू होते, तेव्हा वैनगंगेच्या काठावर जाणारे जातीलच. जावंच. पण सामना रविवारपर्यंत, २ मार्चपर्यंत आहे. दर्शन झालं, ज्यांचे पेपर आहेत त्यांचे पेपर झाले, की एक दिवस काढा. रणजीला बहुतेक ठिकाणी तिकीटही लागत नाही. आयुष्यात एकदा तरी जामठ्याला उतरा, नुसतं खिडकीतून बघू नका. आणि एकटे जाऊ नका. गल्लीतलं एक बारकं पोरगं किंवा पोरगी सोबत घेऊन जा, जिनं खरी खेळपट्टी अजून बघितलेली नाही. सीमारेषेच्या जवळ बसा, हर्ष दुबेची बोटं बॉलवर कशी असतात ते तिला दाखवा. परतीच्या एसटीत ती तुम्हाला हजार प्रश्न विचारेल. त्यातला एक नक्की असेल, 'दादा, मला खेळायला कुठं जावं लागेल?' त्याचं उत्तर आज आपल्याकडे नागपूर हेच आहे. पुढच्या वेळी विदर्भ जिंकेल तेव्हा ते उत्तर बदललेलं असावं.